बादलीतली सव्वीस वर्षं

शनिवारी सकाळी पावणेबारा वाजता तमीशा बॉइसचं ताटाळ्याकडे लक्ष गेलं, तेव्हा बाळाच्या दुधाच्या तीन बाटल्यांशेजारी एक चौथी बाटली उपडी वाळत होती. ती बाळाची नव्हती. जाड हिरवट काचेची, लांब मानेची होती आणि गुरुवारपर्यंत तिच्यात सव्वीस वर्षांपूर्वी पिंपात भरलेली रम होती.

तिने बाटली उचलून हुंगली. लिंबाच्या साबणाचा वास आला.

"मिस व्हेरोना," बाळाने तोंडात काहीतरी घातलेलं दिसल्यावर आई जितक्या शांतपणे बोलते तितक्या शांतपणे ती म्हणाली, "या बाटलीतलं कुठंय?"

सासूबाई चुलीपाशी उभ्या राहून केळीची पानं जाळावर नरम करत होत्या. नोव्हेंबर महिना, त्यामुळे घरात रोज त्या पानांत गुंडाळून काँकी वाफवल्या जात होत्या आणि मक्याच्या पिठाचा, भोपळ्याचा, जायफळाचा वास पडद्यांनासुद्धा लागला होता. त्यांनी मान वळवली. "कुठल्या? ती होय! ती फळांत ओतली."

"सगळी?"

"बोटभर उरली होती. मग म्हटलं, बोटभर दारू घरात कशाला ठेवायची? तीही ओतली."

तमीशाने खुर्ची ओढली आणि बसली. कडेवरच्या नाइलाने तेवढ्यात बाटलीची मान पकडून तोंडाकडे न्यायला सुरुवात केली. तमीशाने न बघताच ती सोडवून घेतली. आठ महिन्यांत तिला पाठीलाही डोळे फुटले होते. फक्त सासूबाईंवर ठेवायचे राहिले होते.

चूक सासूबाईंची म्हणावी तर तेही जड होतं. या बेटावर बाटलीवर चिठ्ठी असली तर ती पुरुषांची, नसली तर केकची. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण कुठल्याही स्वयंपाकघरात जाऊन बघावं, तो पाळला जातो. या बाटलीवर चिकटपट्टी होती. तिच्यावर तमीशाच्या वडिलांच्या वेड्यावाकड्या अक्षरात साल होतं. ते आयुष्यभर रमच्या कारखान्यात लाकडी पिंपं बांधत आले, आणि मुलीच्या जन्माच्या वर्षी भरलेल्या एका पिंपातली ही बाटली त्यांनी तिला लग्नात दिली होती. पाहुण्यांसमोर ती मळकी चिकटपट्टी बरी दिसणार नाही, म्हणून बुधवारी तमीशानेच ती कोमट पाण्याने सोडवली. छान कार्ड लिहून दोऱ्याने अडकवायचं होतं. तेवढ्यात बाळ उठलं. कार्ड राहिलं. गुरुवारी सासूबाईंनी बिनचिठ्ठीची बाटली पाहिली आणि पलंगाखालून नाताळच्या केकसाठी रममध्ये भिजत ठेवलेल्या सुक्या फळांची बादली ओढली.

"पण तुम्ही विचारायचं तरी!"

"काय विचारायचं? बाटलीवर नाव नाही, गाव नाही. आणि वास इतका सुंदर होता पोरी, मी म्हटलं, ही कुणाच्या तरी घशात जाऊन वाया जायच्या आत चांगल्या कामाला लावावी."

व्हेरोना बॉइसनी आयुष्यात कधी दारूला ओठ लावलेला नव्हता. बावन्न वर्षं त्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत होत्या आणि दारूविरुद्ध प्रवचन असलं की पाद्र्यापेक्षा जोरात मान डोलवत होत्या. पण नाताळचा काळा केक ही गोष्ट वेगळी. केकमध्ये गेली की ती रम राहत नाही, असा त्यांचा विश्वास होता. त्यांचा केक खाऊन मागच्या वर्षी चर्चचा ऑर्गनवाला तीन कडवी जास्त वाजवत बसला होता, तरीही तो विश्वास ढळला नव्हता.

बाहेर रोमेल पडवीत खुर्च्या मांडत होता. बसचा ड्रायव्हर असल्यामुळे त्याने त्या दोन-दोनच्या ओळीत, मधे वाट ठेवून मांडल्या होत्या. बायकोचा चेहरा पाहून तो आत आला आणि बाटली, सासूबाई, बादली हा क्रम ऐकून त्याने आधी टोपी काढली.

"किती वाजता येणारेत?"

"तीनला. दहा जण. आणि मिसेस हाइंड्स."

मिसेस हाइंड्स म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या हॉटेलच्या मॅनेजर. त्यांच्या पाहुण्यांना समुद्र बघून झाला, कासवं बघून झाली, आता त्यांना रम समजून घ्यायची होती, आणि तीही डोक्याला चाच्याचा रुमाल बांधून नाचणाऱ्या माणसाकडून नको होती. तमीशा इतिहास शिकलेली. दोन वर्षं संग्रहालयात होती. सातवा महिना लागला आणि तिथलं काम संपलं. बाळ झाल्यापासून तिला लोक फक्त एवढंच विचारत होते, बाळाला शी झाली का, आणि कुठल्या रंगाची झाली. आजचा कार्यक्रम परीक्षेचा होता. जमला तर दर शनिवारी. दर शनिवारी तीन तास तिला कुणीतरी सतरावं-अठरावं शतक विचारणार होतं. त्यासाठी तिने दोन आठवडे, बाळाला थोपटता थोपटता, भाषण पाठ केलं होतं. चार ग्लास, चार प्रकार, आणि सगळं भाषण चढत चढत त्या चौथ्या ग्लासापाशी जाऊन थांबत होतं.

"मी स्क्वायर्सच्या दुकानात बघून येतो," रोमेल म्हणाला.

तो चाळीस मिनिटांनी आला. हातात शनिवारचं खारवलेलं डुकराचं मटण आणि वाफवलेलं रताळ्याचं पुडिंग होतं. रम नव्हती.

"स्क्वायर्सकडे सव्वीस वर्षांचा फक्त फ्रीज आहे," तो म्हणाला. "पण सगळ्यांनी खूप विचार केला. डॉमिनो थांबवून."

"सगळ्यांनी? तू सगळ्यांना सांगितलंस?"

"मी फक्त स्क्वायर्सला सांगितलं. तो जरा मोठ्याने दचकला. एक जण तर रडला. म्हणाला, आणखी काही नाही तरी निदान बादलीला टेकून बसू द्या."

"रोमेल!"

"मग शेवटी असं ठरलं की, जे आत गेलंय ते बाहेरही येऊ शकतं."

तिघंही पलंगाकडे बघायला लागली.

एनॅमलची पांढरी बादली, तिच्यावर झाकण, झाकणावर ताट, ताटावर वीट. सासूबाईंनी विटेवर हात ठेवला. "फळं पिळायची नाहीत. आधीच सांगते. जानेवारीपासून मी त्यांना वाढवलंय. पिळलेल्या मनुकांचा केक करायचा म्हणजे चर्चमध्ये मी तोंड कुठे दाखवू?"

"पिळणार नाही. फक्त बादली तिरकी करायची. आपणहून जे येईल ते."

"आपणहून आलं तर ठीक."

रोमेलने बादली तिरकी धरली. सासूबाईंनी लाकडी चमच्याने फळं अडवली. तमीशाने खाली पातेलं धरलं आणि पातेल्यावर मलमलीचं कापड.

"ते नाइलाचं दुपटं आहे का?" सासूबाई म्हणाल्या.

"उकळून घेतलंय. दोनदा. या घरात त्याच्याइतकं स्वच्छ दुसरं काही नाही."

काळाभोर, जाडसर रस संथपणे उतरला. अर्धी बाटली भरली. तमीशाने ती खिडकीशी धरून पाहिली. उजेड तिच्यातून आरपार यायला तयार नव्हता. तिच्यात वडिलांची रम होती, पण सोबत जानेवारीपासूनच्या इतर तीन रमही होत्या, चेरीचा पाक होता, लवंगा होत्या आणि सासूबाईंच्या आयुष्यातलं अकरा महिन्यांचं लक्ष होतं.

"मी त्यांना खरं सांगेन," तमीशा म्हणाली. "सुरुवातीलाच. काय झालं ते सांगेन, आणि मग ओतेन."

"हं," सासूबाई म्हणाल्या.

सुरुवातीला सांगता आलं नाही, कारण सुरुवात अडीच वाजताच झाली. या बेटावर कुठलीही गाडी वेळेआधी पोहोचल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही, पण मिसेस हाइंड्सनी ड्रायव्हरला दोनची वेळ सांगून ठेवली होती आणि तो नेमका त्या दिवशी नेहमीसारखा तासभर नाही, अर्धाच तास उशिरा आला. तमीशाच्या केसांत एक रोलर होता. नाइला नुकतीच उठली होती आणि आईला सोडायला तयार नव्हती. मिसेस हाइंड्सनी रोलरकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि हसल्या नाहीत. पहिल्या ओळीत खिडकीपाशी मिस्टर पेंडल बसले. पातळ, उंच, इंग्लंडहून आलेले, चामड्याची वही बाळगणारे. चाळीस वर्षं त्यांनी रम चाखण्यात घालवली होती आणि हे त्यांनी गाडीतून उतरता उतरताच सगळ्यांना सांगून टाकलं.

यांच्यासमोर बादलीचं नाव काढायचं? तमीशाने ठरवलं, दुसऱ्या ग्लासानंतर सांगू.

पहिला ग्लास पांढऱ्या रमचा. "ओठ लावायच्या आधी नाक लावा," तिने सांगितलं. "पण नाक आत खुपसू नका, तोंड जरा उघडं ठेवा." दहा नाकं ग्लासांवर वाकली. तिच्या कडेवरून अकरावंही वाकलं. तिने बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं आणि बोलायला लागली.

साखर करताना मागे उरणाऱ्या काळ्या, चिकट मळीपासून तिने सुरुवात केली. साखर विलायतेला जायची, मळी इथे राहायची. जनावरांना घालूनही उरायची. तिला उन्हात फेस यायला लागला आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की हिच्यात काहीतरी चाललंय. पावणेचारशे वर्षांपूर्वी या बेटावर जी निघत होती, तिला लोक सैतानमार म्हणत.

"सैतान मेला नाही," आतून, खिडकीच्या झडपांमागून आवाज आला. "दुकान टाकून बसलाय."

पाहुणे हसले. तमीशाही हसली, पण तिचे कान लाल झाले. सासूबाई आत भजन गुणगुणत होत्या. निषेधाचं भजन होतं. प्रत्येक घोटाला ते एक पट्टी वर जात होतं.

"उंच मनोऱ्यासारख्या भट्टीत गाळली की हलकी होते," ती पुढे म्हणाली. "तांब्याच्या बुटक्या हंड्याच्या भट्टीत गाळली की जड, वासाची. आम्ही दोन्ही मिसळतो. जमैकावाले आमच्या रमला फार सभ्य म्हणतात. आम्ही म्हणतो, त्यांची शेजारच्या गावातून ऐकू येते. मार्टिनिकमध्ये मळी घेतच नाहीत, ताज्या उसाच्या रसाची करतात, आणि त्याबद्दल जेवणभर बोलतात."

दुसरा ग्लास पिंपात मुरलेल्या सोनेरी रमचा. मिस्टर पेंडलनी घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि वहीत लिहिलं. शेजारच्या बाईने डोकावून मोठ्याने वाचलं, "अत्यंत नम्र."

"पिंपात असताना थोडी थोडी उडून जाते," तमीशाने सांगितलं. "आमच्या उन्हात तर फारच. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात."

"देवदूत दारू पीत नाहीत!" झडपांमागून आलं.

दुसऱ्या ग्लासानंतर सांगायचं होतं. पण मिसेस हाइंड्सनी त्याच वेळी घड्याळ पाहिलं. तिसऱ्यानंतर सांगू.

तिसरा ग्लास हंड्याच्या भट्टीचा, जड. आणि इथे तिने ते सांगितलं जे पाठ करताना दर वेळी तिचा आवाज खाली जायचा. ऊस कुणी तोडला. चरकावर रात्रपाळीला कोण उभं असायचं, आणि चरकाशेजारी कुऱ्हाड का टांगलेली असायची. एखाद्याचा हात आत ओढला गेला, तर तो हात तोडून माणूस वाचवायचा. म्हणजे माणूस कामाला राहायचा. "ही जमीन, हा रस्ता, खालच्या उतारावरचं ते शेत," ती म्हणाली, "इथेच. लोक म्हणतात रम चाच्यांची. चाचे फक्त प्यायले. केली त्या गुलाम करून आणलेल्या लोकांनी. ती मळी आंबल्यावर काय होतं ते ज्याच्या नाकाला पहिल्यांदा कळलं, त्याचं नाव कुठल्याही कागदात नाही. मी दोन वर्षं शोधलं."

पाहुणे तिच्याकडेच बघत होते. नाइलासुद्धा आईच्या हनुवटीकडे बघत राहिली. आतलं भजन केव्हा थांबलं, ते तमीशाच्या लक्षात आलं नाही.

यानंतर बादलीबद्दल सांगणं अशक्य होतं. इतक्या शांततेत दुपट्याचा विषय काढणार कसा? तिने चौथी बाटली उचलली. "आणि ही," ती म्हणाली, "सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका पिंपातली." वाक्य खोटं नव्हतं. पण ते म्हणताना तिने मिसेस हाइंड्सकडे पाहायचं टाळलं.

मिस्टर पेंडलनी ग्लास हुंगला. पुन्हा हुंगला. मग ते उभे राहिले.

"मनुका," ते म्हणाले.

"हो," तमीशा म्हणाली.

"आणि आलुबुखार. अगदी स्पष्ट. हे बघा, इथे चेरी! मागे लवंग, त्यामागे जायफळ." त्यांचा आवाज कापायला लागला. "बाई, चाळीस वर्षं आम्ही लोक रममध्ये सुकामेवा शोधतो. असं म्हणतो की आहे. कधीतरी पुसट सापडतो. पण असा... जणू काही मी एखाद्या बेदाण्याच्या आत उभा आहे!"

ते भराभर लिहायला लागले. दोन पानं झाली. इतर पाहुणेही मग मनुका, मनुका म्हणायला लागले. एका आजोबांना आधी काहीच येत नव्हतं, त्यांनाही अंजीर आला, जो बादलीत नव्हता. मिसेस हाइंड्स पहिल्यांदाच हसल्या आणि तमीशाकडे पाहून त्यांनी हळूच मान हलवली. ती मान म्हणजे दर शनिवार होता, हे तमीशाला कळलं. तिने बाळाला घट्ट धरलं.

मग मिस्टर पेंडलनी शेवटचा घोट घेण्यासाठी ग्लास वर केला आणि तो तसाच ठेवून आत निरखून पाहिलं. चिमटीत काहीतरी धरून त्यांनी ते बाहेर काढलं. आधी तळहातावर ठेवलं, मग चष्म्याजवळ नेलं.

"हा," ते म्हणाले, "बेदाणा आहे."

मलमल दोनदा उकळली की जराशी विरते, हे तमीशाच्या लक्षात यायला हवं होतं.

सगळे बेदाण्याकडे बघत होते. मिसेस हाइंड्सची मान आता हलत नव्हती. तमीशाच्या मनात झरझर तीन उत्तरं येऊन गेली. जुन्या पद्धतीत पिंपात एक बेदाणा टाकतात, हे त्यातलं सगळ्यात बरं होतं. तिने तोंड उघडलं.

"तिला कशाला विचारता?" दार उघडलं. "मला विचारा."

व्हेरोना बॉइस बाहेर आल्या. एप्रन, डोक्याला रुमाल, दोन्ही हातांत बादली. त्यांनी ती मिस्टर पेंडलच्या बुटांपाशी ठेवली आणि वीट काढली. "तुमची रम यात आहे. मी ओतली. बाटलीवर नाव नव्हतं, आणि मी केकवाली बाई आहे. या पोरीने फक्त गाळून परत घेतली. कशाने गाळली ते विचारू नका, पण स्वच्छ होतं."

मग त्या सुनेकडे वळल्या आणि आवाज खाली आणला, तरी पहिल्या दोन ओळींना ऐकू गेलाच. "इतकं चांगलं सांगितलंस. माझ्या पणजीची आजी त्याच खालच्या शेतात होती. तिचं नावही कुठे नाही. आणि ते सांगून झाल्यावर तू त्याच तोंडाने बेदाण्याबद्दल खोटं बोलणार होतीस?"

"हो," तमीशा म्हणाली. तिला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "अगदी बोलणारच होते."

"मला दिसलं. म्हणून तर आले."

मिस्टर पेंडल बादलीवर वाकले. बराच वेळ वर आले नाहीत. "यात किती प्रकारच्या आहेत?" त्यांनी आतूनच विचारलं.

"चार. जानेवारीत पांढरी. बेदाण्याची साल चिवट असते, तिला कडकच लागते. ईस्टर झाला की सोनेरी. तोवर फळ नरमलेलं असतं, आता त्याच्याशी जरा गोडीत घ्यायचं. ऑगस्टात हंड्याची जड. आणि नोव्हेंबरात घरात जी सगळ्यात जुनी असेल ती. जुनी रम काही करत नाही. ती फक्त मधे येऊन बसते, आणि बाकीच्या भांडायच्या थांबतात."

पाहुण्यांच्या खुर्च्यांची ओळ मोडली होती. सगळे बादलीभोवती उभे होते.

"पण तुम्ही स्वतः कुठली पसंत करता?" मिस्टर पेंडलनी विचारलं.

"मी पीत नाही."

"अजिबात?"

"अहो, बावन्न वर्षं चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते!"

"मग तुम्हाला कळतं कसं?"

"देवाने नाक कशाला दिलंय?" त्यांनी हात पुढे केला. "थेंब टाका. एकच."

मिस्टर पेंडलनी चारही बाटल्या पाठीमागे नेऊन, न दाखवता एकेका ग्लासात ओतल्या. व्हेरोनांनी थेंब तळव्यावर घेतला, दोन्ही हात चोळले, क्षणभर थांबून जोरातला वास उडून जाऊ दिला आणि मग हात नाकाशी नेले. "ही जड. ऑगस्टातली." हात पुसले. "ही पांढरी. ही माझीच बादली." चौथा थेंब चोळला आणि त्या थांबल्या. पुन्हा हुंगलं. भुवया जवळ आल्या.

"ही सोनेरी आहे. पण हिच्यात पाणी आहे."

"नाही हो," तमीशा म्हणाली, "ती बाटली तर मी स्वतः..."

"रोमेल!"

रोमेल शेवटच्या खुर्चीमागे उभा होता, तो आणखी मागे गेला. "मम्मी, तो क्रिकेटचा सामना होता."

"एका सामन्यात इतकी?"

"पाच दिवसांचा होता."

मिस्टर पेंडलनी वही उघडली, 'अत्यंत नम्र' शोधलं आणि त्यावर शांतपणे रेघ मारली.

मिसेस हाइंड्स एवढ्या हसल्या की त्यांना रेलिंग धरावं लागलं. गाडीत बसताना, सगळ्यांना काँकी बांधून देऊन झाल्यावर, त्यांनी तमीशाला बाजूला घेतलं. आता काय ऐकायला मिळणार म्हणून तमीशाने रोलर काढून खिशात टाकला.

"ते चरकाचं," मिसेस हाइंड्स म्हणाल्या, "ती कुऱ्हाड. ते कमी करू नकोस. कुणी सांगितलं तरी. पुढच्या शनिवारपासून दर आठवड्याला."

"खरंच?"

"खरंच. फक्त एक. बादली पाहिजे."

तमीशाने मागे पाहिलं. "ते मला विचारून चालणार नाही."

मिसेस हाइंड्स मग पायऱ्या चढून परत वर गेल्या आणि वीस मिनिटं व्हेरोनांशी बोलल्या. म्हणजे व्हेरोना बोलल्या. माझ्या पडवीत कुणी थुंकायचं नाही. चव घेऊन थुंकायची असेल तर घ्यायचीच कशाला? फळांत चमचा मीच घालणार. बाळाला सांभाळायला शनिवारी रोमेल घरी राहील, आणि बाटल्यांच्या कपाटाची किल्ली बाळापेक्षाही त्याच्यापासून लांब राहील. आणि सुरुवातीला प्रार्थना होईल.

"प्रार्थना?" मिसेस हाइंड्स म्हणाल्या. "रम चाखायच्या आधी?"

"मग नंतर करायची का? नंतर कोण लक्ष देणार?"

पुढच्या शनिवारी तीनच्या ठोक्याला बारा पाहुणे आले. मिस्टर पेंडलनी विमान पुढे ढकललं होतं. तमीशाचे केस विंचरलेले होते, दोन्ही हात मोकळे होते, आणि ते कुठे ठेवायचे हे तिला सुचत नव्हतं. रोमेल मागच्या ओळीत नाइलाला मांडीवर घेऊन बसला होता. पहिला ग्लास सगळ्यांच्या हातात होता आणि ऊन त्यातून पडवीच्या फळ्यांवर हलत होतं.

व्हेरोना चर्चचा पांढरा पोशाख घालून उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे मिटले. मग बाराही जणांनी मिटले. त्यांनी देवाला ऊस दिल्याबद्दल आणि पाऊस वेळेवर पाठवल्याबद्दल धन्यवाद दिले. ज्यांची नावं कुठल्या कागदात नाहीत त्यांची नावं तुला ठाऊक आहेत, असं त्या म्हणाल्या, आणि इथे थोडा वेळ थांबल्या. मग नाकाबद्दल धन्यवाद दिले. सुनेला शब्द दिल्याबद्दल दिले. मुलाला जरा अक्कल दे म्हणाल्या. अकरा मिनिटं झाली. कुणाची ग्लास ओठाशी न्यायची हिंमत झाली नाही. एका पाहुण्याचा हात अवघडून थरथरायला लागला, तेव्हा मिस्टर पेंडलनी न बोलता खालून आधार दिला.

"आणि शेवटी, हे परमेश्वरा," व्हेरोना म्हणाल्या, "या घराला दारूपासून दूर ठेव. आमेन."

"आमेन!" बारा जण मनापासून म्हणाले आणि त्यांनी ग्लास उचलले.